उपासनेनंतर अभ्यासवर्ग घ्यावा का? वडीलधाऱ्यांचे मत हवे आहे

संडे स्कूल शिक्षिका, शरणपूर रोड, नाशिक:

प्रभूमध्ये सर्वांना सलाम. गेली नऊ वर्षे मी आमच्या मंडळीत (चर्चमध्ये) संडे स्कूलच्या मोठ्या वर्गाला शिकवते. पुनरुत्थानाच्या सणानंतरच्या रविवारी दहावीतल्या एका मुलीने विचारले की, मत्तयाच्या शुभवर्तमानात (येशूच्या चार चरित्रांपैकी एकात) येशूच्या कबरेजवळ एक देवदूत आहे आणि योहानाच्या शुभवर्तमानात दोन आहेत, तर खरे कोणते मानायचे? मला नीट उत्तर देता आले नाही, म्हणून मी तिला मंडळीतील एका जबाबदार व्यक्तीकडे नेले. "असल्या शंका सैतान मनात घालतो, तू प्रार्थना कर," एवढेच तिला सांगण्यात आले. त्यानंतरचे तीन रविवार ती आलेली नाही.

महिन्यातून एका रविवारी उपासनेनंतर तासभर अभ्यासवर्ग घ्यावा, त्यात शुभवर्तमाने कशी लिहिली गेली, मंडळीचा इतिहास काय आणि विज्ञान शिकणाऱ्या मुलांना पडणारे प्रश्न कोणते, हे विषय असावेत, असे मी पंच कमिटीपुढे मांडले. काही सदस्यांनी "ज्ञान फुगवते, प्रीती उन्नती करते" हे वचन पुढे केले. ती माणसे मनापासून प्रार्थना करणारी आहेत, त्यामुळे त्यांचे म्हणणे मला सहज बाजूला सारता येत नाही. बुद्धीचे शिक्षण हे मंडळीचे काम आहे, की ते सेमिनरीवर, म्हणजे पाळक घडवणाऱ्या विद्यालयावर, सोपवावे?

निवृत्त शिक्षक, नाशिक रोड:

ताई, आपल्या रस्त्याला ज्या शरणपूरचे नाव आहे, तिथेच या प्रश्नाचे एक उत्तर पूर्वी दिले गेले आहे. चर्च मिशनरी सोसायटीने वसवलेल्या त्या वस्तीत गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुले शिकली. त्यांच्यातला जेकब वेनराइट पुढे मिशनरी आणि संशोधक डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांच्या शेवटच्या प्रवासात होता. 1873 मध्ये आफ्रिकेच्या आतल्या भागात लिव्हिंग्स्टन वारले आणि त्यांचे हृदय तिथेच एका झाडाखाली पुरले गेले, तेव्हा जवळपास कोणी पाळक नव्हता. दफनविधीची प्रार्थना जेकबने वाचली, झाडावर अक्षरेही त्यानेच कोरली आणि त्या प्रवासाची रोजनिशीही त्याने लिहिली. पुढच्या वर्षी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये लिव्हिंग्स्टन यांची शवपेटी वाहणाऱ्यांत तो होता. ज्याला बाजारात विकायचे ठरले होते, त्या मुलाच्या हाती मंडळीने पुस्तक दिले, म्हणून त्या दिवशी ती उपासना होऊ शकली. हे आठवले की आजही मला गहिवरून येते.

पंडिता रमाबाईंचेही उदाहरण कमिटीपुढे ठेवा. मूळ इब्री आणि ग्रीक शिकून त्यांनी बायबलचे मराठी भाषांतर केले, आणि ते कमी शिकलेल्या बायकांना समजावे म्हणून मुद्दाम सोप्या भाषेत केले. ते छापून पूर्ण झाले 1924 मध्ये, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी. एवढी विद्वत्ता त्यांनी कोणासाठी वेचली, याकडे पाहावे.

मंडळीचा एक सभासद, सिन्नर:

माझे मत थोडे वेगळे आहे. माझ्या आजीला सही करता येत नव्हती. तिला ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांचे अभंग आणि कितीतरी स्तोत्रे तोंडपाठ होती, आणि दुष्काळात घरात धान्य नसताना तिने आम्हा भावंडांना ज्या विश्वासाने धरून ठेवले, तो विश्वास मला पदवी घेतल्यावरही सापडलेला नाही. बायबलमधील प्रेषितांची कृत्ये, चौथ्या अध्यायात येशूचे शिष्य पेत्र आणि योहान यांना निरक्षर म्हटले आहे, तरी न्यायसभा त्यांच्यापुढे निरुत्तर झाली. अभ्यासवर्ग सुरू झाला की शिकलेले बोलतात आणि मोलमजुरी करणारे मागच्या बाकावर गप्प बसतात, हे मी एका मंडळीत पाहिले आहे. दोन वर्षांत त्या बाकावरची माणसे यायची थांबली. माझी भीती ज्ञानाची नाही, या फुटीची आहे.

पाळक, इगतपुरी परिसर:

सिन्नरच्या बंधूंची भीती खरी आहे आणि ती सोडवल्याशिवाय वर्ग सुरू करू नये. मात्र त्यांनी सांगितलेल्या वचनात पुढे असेही आहे की, हे दोघे येशूच्या सहवासात होते. दाखले ऐकणे, न कळलेले एकांतात विचारणे, हेच त्यांचे शिक्षण होते, आणि प्रभूने त्यांना विचारण्याबद्दल कधी गप्प बसवले नाही.

"ज्ञान फुगवते" हे वचन करिंथकरांस पहिल्या पत्राच्या आठव्या अध्यायात, मूर्तीला वाहिलेल्या अन्नाच्या वादात आले आहे. ज्यांना अधिक कळते त्यांनी दुर्बळ भावाला अडखळवू नये, असे ते पत्र लिहिणारा प्रेषित पौल तिथे सांगतो, आणि तेही एकेक मुद्दा तर्काने मांडत सांगतो. तोच पौल इफिसात तुरन्नाच्या पाठशाळेत दोन वर्षे रोज चर्चा करत होता. जुन्या करारातील अनुवाद या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात अंतःकरण, जीव आणि शक्ती यांनी देवावर प्रीती करण्याची आज्ञा आहे. मार्काच्या बाराव्या अध्यायात प्रभू तीच आज्ञा सांगताना बुद्धीही तिच्यात घेतो. बुद्धी वापरणे हा त्या प्रीतीचाच भाग असेल, तर ते काम फक्त सेमिनरीचे कसे म्हणता येईल?

व्यवहाराचे सांगतो. व्याख्यान ठेवू नका. एकच शुभवर्तमान घ्या, अर्धा अध्याय मोठ्याने वाचा, म्हणजे वाचता न येणाऱ्यालाही तो समान मिळतो, आणि पहिला प्रश्न त्यालाच विचारू द्या. जे उत्तर तुम्हाला माहीत नाही, ते पुढच्या महिन्यापर्यंत उघडपणे लिहून ठेवा. त्या मुलीच्या प्रश्नाबद्दल सांगायचे तर, मार्क एका तरुणाचा उल्लेख करतो आणि लूक दोन पुरुषांचा. चौघांनी वेगवेगळ्या साक्षी जपल्या आणि आरंभीच्या मंडळीने त्या घासूनपुसून एकसारख्या केल्या नाहीत, चारही ठेवल्या. हे तिला सांगावे. दहावीची मुलगी ते समजू शकते.

संडे स्कूल शिक्षिका, शरणपूर रोड, नाशिक:

सर्वांचे मनापासून आभार. कमिटीला मी मार्कापासून सुरुवात करण्याचे सुचवणार आहे, आणि आमच्या महिला मंडळातील ज्या दोन मावशींना वाचता येत नाही, त्यांना पहिल्या दिवशी पुढे बसण्याची विनंती करणार आहे. उद्या संध्याकाळी त्या मुलीच्या घरी जाते. चारही शुभवर्तमानांतले ते उतारे सोबत नेईन, आणि त्या रविवारी तिला उत्तर न देता पाठवले, याबद्दल आधी तिची क्षमा मागेन.