बँकॉकला जाऊन राजवाडा न बघता नुसतं खाऊन आलो. चुकलं का?

कडकभाकरी: चार दिवस बँकॉकला होतो, ग्रँड पॅलेसमध्ये पाऊल टाकलं नाही. घरचे अजून टोमणे मारतायत. पण सोलापूरच्या गड्डा जत्रेत पाळण्याआधी भज्यांकडे वळणारा माणूस मी! माझ्या मते शहर बाजारातच कळतं. 'याओवारात' हे तिथल्या चायना टाउनचं नाव. तिथं फुटपाथवर एक बाई सोम तम, म्हणजे कच्च्या पपईची कोशिंबीर, करत होती. मातीच्या खोल उखळीत लसूण-मिरची, मग ताडगूळ, शेंगदाणे, लिंबू, फिश सॉस आणि कच्च्या पपईचा कीस. एका हातात लाकडी मुसळ, दुसऱ्यात चमचा. टक-टक आवाज ऐकून आजीची शेंगाचटणी आठवली. आजी तेल सुटेपर्यंत कुटायची, ही मात्र पपईचा कुरकुरीतपणा मोडू देत नव्हती. राजवाड्यात हे कुठं दिसणार?

सातरस्ता: काय बोलालाय मालक! उद्या कोणी नवी पेठेत भजी खाऊन, भुईकोट न बघता गेला तर त्याला सोलापूर कळलं म्हणाल का? राजवाड्याच्या आवारात वात फ्रा केओ हे बुद्धमंदिर आहे. त्याच्या ओवऱ्यांच्या भिंतींवर 178 चित्रांत अख्खी रामकथा रंगवलीय. तिथला मारुती पांढराशुभ्र. हे सोडून पपई?

धोटा: दोघंही अर्धंच सांगताय. 1782 मध्ये तिथला राजा पहिला राम (रामायणातला नव्हे) यानं राजधानी नदीच्या पूर्व काठावर आणली. राजवाड्याच्या जागी तेव्हा चिनी व्यापाऱ्यांची वस्ती होती, तिला साम्पेंगला हलवलं. चायना टाउन त्यातूनच वाढलं. म्हणजे ज्या भागात हे महाशय जेवले, तो राजवाड्यामुळंच तिथं आहे. बाजूलाच 'पाहुरात' नावाचा कापडाचा बाजार, भारतीय दुकानदार भरपूर. सोलापूरचा माणूस तिथं गेला की नाही?

कडकभाकरी: गेलो की! तागे चाचपले, भाव विचारला, परत खायला आलो. चिनी वस्तीचं मात्र माहीत नव्हतं, हे कबूल.

हुरडापार्टी: दादा, बाजारात शहर कळतं हे मासे खाणाऱ्यांनी म्हणावं. माझे पहिले दोन दिवस आंबा आणि चिकट भातावर गेले. मग एकानं पिवळ्या झेंड्यावरचं लाल 'जे' ओळखायला शिकवलं. ती खूण असली की मांस-मासळी नाही, कांदा-लसूणसुद्धा नाही. तुम्हाला ते झेंडे दिसले तरी का?

कडकभाकरी: दिसले असतील. सजावट वाटली.

सातरस्ता: घ्या! आणि बँकॉकबाहेरचा, मेक्लाँगचा रेल्वे रुळावरचा बाजार? गाडी आली की छपरं मिटतात, गेली की उघडतात. गिऱ्हाइकं कमी, मोबाइलवाले जास्त. तो बाजार की तमाशा?

कडकभाकरी: आमच्याही हातात मोबाइलच होता. पण शेजारी एक म्हातारी मासळी घेत होती. गाडी आली तशी ती एक पाऊल मागं सरकली, बस. डोळे वजनकाट्यावरच. डबे हातभरावरून जात होते आणि तिची घासाघीस चालूच.

हुरडापार्टी: शेवटी मासळीच ना!