हायवे ६१ आणि ब्लूज: श्रेय रस्त्याचं की रुळांचं?

माळरान (धागाकर्ता)

अमेरिकेतल्या मिसिसिपी डेल्टाची (ब्लूज या कृष्णवर्णीयांच्या संगीताच्या प्रदेशाची) सहल आखणाऱ्या मराठी मंडळींच्या याद्यांत एक वाक्य हमखास सापडतं: "मेम्फिसला गाडी भाड्याने घ्या, यूएस ६१ धरा आणि ब्लूजच्या जन्मवाटेने दक्षिणेला जा." माझ्या मते यातली 'जन्मवाट' साफ चुकीची आहे, आणि त्या चुकीपायी सहलही अर्धवट होते.

तारखा बघा. यूएस महामार्गांना क्रमांक मिळाले १९२६ मध्ये. संगीतकार डब्ल्यू. सी. हँडीने डेल्टातल्या टटवायलरच्या रेल्वे स्टेशनात एका वादकाला गिटारच्या तारांवर सुरी दाबून वाजवताना ऐकलं, ते साधारण १९०३ मध्ये. तो गात होता दोन रेल्वेमार्ग एकमेकांना छेदतात त्या जागेबद्दल, म्हणजे मूरहेड गावाबद्दल. सदर्न आणि 'यलो डॉग' या दोन मार्गांचे रूळ तिथे काटकोनात छेदतात आणि ती जागा आजही बघता येते. ब्लूज गायक चार्ली पॅटनने १९२९ मध्ये ध्वनिमुद्रित केलेलं 'पी व्हाइन' हे डॉकरी मळ्याकडच्या शाखालाइनवरचं गाणं. ब्लूज गायक-गिटारवादक मडी वॉटर्सने १९४३ मध्ये क्लार्क्सडेल सोडलं तेही आगगाडीने, शिकागोसाठी. क्लार्क्सडेलचं डेल्टा ब्लूज म्युझियमही रेल्वेच्या जुन्या मालधक्क्यात आहे.

६१ क्रमांकाचं नाव घेऊन ध्वनिमुद्रित झालेलं गाणं १९३२ चं, रूझवेल्ट साइक्सचं. तोवर हे संगीत पुरतं वयात आलेलं होतं. हायवेने ब्लूजला गाण्यांची शीर्षकं पुरवली, त्यापलीकडे फार काही दिलं असं मला वाटत नाही. म्हणून सहलीसाठी माझा सल्ला असा की ६१ सोडा आणि रुळांच्या कडेची गावं धरा.

दुहेरीमार्ग

असहमत. तुम्ही 'जन्म' आणि 'जगणं' यांची गल्लत करता आहात. जन्म रस्त्यावर झाला नाही हे मान्य. पण वादकाचं पोट चालायचं ते रस्त्यावर.

१९४१ च्या नोव्हेंबरात मिसिसिपी नदीपलीकडे हेलेना गावी केएफएफए रेडिओवर 'किंग बिस्किट टाइम' सुरू झाला. भरदुपारी पंधरा मिनिटं सनी बॉय विल्यमसन आणि रॉबर्ट लॉकवुड ज्युनियर थेट वाजवायचे. पिठाची जाहिरात व्हायचीच, शिवाय आज रात्री आपण कुठल्या गावात वाजवणार तेही वादक तिथेच सांगून टाकायचे. मळ्यावर जेवणाच्या सुट्टीत लोक ते ऐकायचे आणि रात्री तिथे हजर व्हायचे. दुपारी स्टुडिओत, रात्री परगावच्या जूक जॉइंटमध्ये (नाचगाण्याच्या अड्ड्यावर) आणि दुसऱ्या दुपारी परत स्टुडिओत, हे चक्र रेल्वेच्या वेळापत्रकावर चालणं शक्य नाही. रात्री दोनला कार्यक्रम संपल्यावर गिटार, अँप्लिफायर आणि ड्रम घेऊन कुठली शाखालाइन पकडणार? त्यासाठी गाडी हवी आणि बारमाही रस्ता हवा.

विजेची गिटार आली तसं सामानाचं वजन वाढलं. अकूस्टिक गिटार खांद्याला लटकवून मालगाडीत चढता येतं, अँप्लिफायर घेऊन येत नाही. १९४० नंतरचा बँडचा ब्लूज हा रस्त्याचाच ब्लूज आहे.

फिशप्लेट

मुळात दोन्ही बाजू आशयाबद्दल बोलताहेत. तालाचं काय? मी रुळांच्या बाजूने एक मुद्दा मांडतो, आणि तो मोजून पाहता येतो.

अमेरिकेत त्या काळी रूळ बहुधा ३९ फुटांचा असायचा, म्हणजे जवळपास १२ मीटर. ताशी ४० मैल वेगाने जाणारी गाडी मिनिटाला ३,५२० फूट कापते. भागिले ३९ केलं की मिनिटाला ९० सांधे येतात. आपल्याकडे दोन्ही रुळांचे सांधे साधारण समोरासमोर असतात. तिकडे ते मुद्दाम पुढेमागे ठेवतात, डावीकडचा सांधा उजवीकडच्या रुळाच्या मध्याशी. म्हणजे ठोके होतात मिनिटाला १८०, एक डावा, एक उजवा. शिवाय बोगीला, म्हणजे डब्याखालच्या चाकांच्या सांगाड्याला, दोन आस, त्यामुळे प्रत्येक ठोका जोडीने येतो, 'त-डक', आणि जोडीतलं अंतर दोन जोड्यांमधल्या अंतरापेक्षा कमी असतं.

आता शफल, म्हणजे ब्लूजचा नेहमीचा ताल, बघा. मात्रेचे तीन भाग करायचे, पहिले दोन जोडून एक लांब स्वर, तिसऱ्यावर एक आखूड. तोच लंगडता तोल. हार्मोनिकावरच्या आगगाडीच्या नकला ऐकल्या तर हे अगदी उघडं पडतं: वाफेचे फटकारे आत-बाहेर श्वासाने आणि शिटी दोन छिद्रं एकत्र वाजवून. मोटारीची अशी नकल तिथल्या वादनात कुठे आहे?

रस्त्याला असा ठोका यायचा तर काँक्रीटचे तुकडे आणि त्यांतले सांधे हवेत. डेल्टातले बरेच रस्ते तेव्हा खडीचे होते. खडीवर नुसती खरखर येते, ठोका येत नाही. १९७४ मध्ये क्राफ्टवर्क या जर्मन बँडने 'आउटोबान' हे जवळपास २३ मिनिटांचं गाणं केलं, त्यात हायवेचा एकसुरी ताल खरोखर आहे. पण तो जर्मन रस्ता आणि पन्नास-साठ वर्षांचं अंतर.

खर्ज

फिशप्लेट, आकडेमोड बरोबर आहे, निष्कर्ष घाईचा आहे. डेल्टात गाणाऱ्याला ताल देणारी गोष्ट रोज हातात होती: कुदळ आणि कुऱ्हाड. मिसिसिपीच्या पार्चमन तुरुंगात लोकगीतं गोळा करणाऱ्या लोमॅक्स पितापुत्रांनी जे ध्वनिमुद्रण केलं त्यात कैदी ओळीने उभे राहून एका ठोक्यावर कुऱ्हाड घालतात. पाती एकमेकांवर आदळू नयेत म्हणून गाणं. रात्रीच्या नाचात लाकडी जमिनीवर पाय आपटायचा, तोच ड्रम. एकट्या वादकाच्या मुद्रणात गिटारइतकाच पायाचा आवाज ऐकू येतो. लय ठरवायचे नाचणारे.

आणि सुरांकडे या, म्हणजे रूळ की रस्ता हा वादच गळून पडतो. स्लाइड गिटारची (तारांवर काच किंवा धातू सरकवून वाजवायच्या गिटारची) सर्वांत रुळलेली जुळणी ओपन जी. साध्या जुळणीतून तीन तारा एकेक स्वर उतरवायच्या: सहावी ई ची डी, पाचवी ए ची जी, पहिली ई ची डी. जी ला षड्ज धरलं तर जाड तारेकडून बारीक तारेकडे प सा प सा ग प असे सूर मिळतात. तंबोरा ऐकलेल्या कानाला ही जुळणी लगेच ओळखीची वाटते. तीनही तारा सैल होतात म्हणून तुटत नाहीत. एक स्वर वर हवा असेल तर तारा ओढण्यापेक्षा गिटारच्या दुसऱ्या पट्टीवर (फ्रेटवर) कॅपो, म्हणजे तारा दाबणारा चिमटा, लावावा.

नवशिक्याची चूक ठरलेली: बाटलीची मान करंगळीत घालून तार पट्टीच्या मागे दाबायची, जशी बोटाने दाबतात. स्लाइड नेमकी धातूच्या पट्टीच्या वर हवी, स्पर्श हलका. दाबली की तार पट्ट्यांवर आपटून खडखडते. मागच्या बोटांनी तारा हलक्याच झाकायच्या, नाहीतर स्लाइडच्या मागच्या बाजूचाही सूर वाजतो. तिसऱ्या तारेवर तिसऱ्या पट्टीशी कोमल गंधार मिळतो. तिथून किंचित वर सरकायचं आणि शुद्ध गंधाराच्या अलीकडेच थांबायचं. ब्लूजचा प्राण त्या मधल्या जागेत आहे, आणि तिथे पोचायला ना इंजिन लागतं ना टायर.

दुहेरीमार्ग

खर्ज, सूर आणि हात यांबद्दल वाद नाही. पण आवाजाचा पोत? त्याचं एक उदाहरण थेट ६१ वरचं आहे.

मार्च १९५१. आइक टर्नरचा बँड क्लार्क्सडेलहून मेम्फिसला सॅम फिलिप्सच्या स्टुडिओत, ७०६ युनियन अॅव्हेन्यूला, गाडीत कोंबून निघाला. वाटेत विली किझार्टच्या गिटारचा अँप्लिफायर बिघडला. तो टपावरून पडला की पावसात भिजला, यावर सांगणाऱ्यांत एकमत नाही. स्पीकरचा कागदी कोन फाटला होता. कोन फाटला की त्याची फाटकी कड स्वतंत्र थरथरते आणि मूळ सुराला भरड गुंजन चिकटतं. दुरुस्तीला वेळ नव्हता. फिलिप्सने आत कागद कोंबला, त्यामुळे कड धरली गेली, पण भरडपणा राहिला आणि तो त्याने लपवण्याऐवजी पुढे आणला. तिथे मुद्रित झालेल्या 'रॉकेट ८८' या गाण्यातली ती गुरगुरणारी खर्जाची गिटार म्हणजे हा फाटका कोन. पुढे विकृत केलेला गिटारचा आवाज हा रॉकचा पायाच झाला.

माळरान

हा अपघात झाला, प्रेरणा नव्हे. रेल्वेच्या मालडब्यातही अँप्लिफायर आपटला असता.

रस्त्याची प्रेरणा म्हणून सांगितल्या जाणाऱ्या बऱ्याच गोष्टी तर दंतकथाच आहेत. क्लार्क्सडेलच्या चौकात निळ्या गिटारींचा खांब आहे, ६१ आणि ४९ तिथे मिळत असत. ब्लूज गायक रॉबर्ट जॉन्सनने सैतानाला आत्मा विकला तो इथे, असं सांगतात. त्याच्या १९३६ च्या चौरस्त्यावरच्या गाण्यात सैतान नाहीच. अंधार पडायच्या आत कुणीतरी गाडीत घ्यावं म्हणून हात दाखवणारा एक माणूस आहे, आणि कुणी थांबत नाही. आत्मा विकल्याची कथा आधी दुसऱ्याच वादकाची, टॉमी जॉन्सनची; ती त्याच्या भावाने सांगितली.

दुहेरीमार्ग

मग तुम्हीच माझा मुद्दा सिद्ध केलात! सैतान काढून टाका, उरतो तो रस्ता. अनोळखी गावाजवळ सूर्य मावळताना उघड्यावर सापडलेला काळा माणूस त्या काळच्या मिसिसिपीत जिवाला मुकू शकत होता. त्या गाण्यातली भीती हीच आहे. स्टेशनात निदान फलाट असतो, दिवा असतो, कृष्णवर्णीयांसाठी वेगळी का होईना खोली असते. चौरस्त्यावर काहीच नसतं. हा अनुभव रस्त्यानेच दिलेला आहे.

ब्लूज गायिका बेसी स्मिथ २६ सप्टेंबर १९३७ ला याच ६१ वरच्या अपघातानंतर गेली. गोऱ्यांच्या रुग्णालयाने तिला नाकारलं ही गोष्ट खोटी. तिला क्लार्क्सडेलच्या कृष्णवर्णीयांच्या रुग्णालयातच नेलं होतं. पण अरुंद दोन पदरी रस्ता, रात्र आणि कडेचा ट्रक हे सगळं खरं. ती इमारत पुढे रिव्हरसाइड हॉटेल झाली.

जुनीवाट

वाद उत्तम चालला आहे, पण धागा सहलीवरून सुरू झाला होता. ६१ पूर्ण सोडा हा माळरान यांचा सल्ला अव्यवहार्य आहे. फक्त ६१ धरा हाही तितकाच वाईट. आजचा चौपदरी ६१ गावांना वळसा घालून जातो, त्यामुळे सरळ निघालात तर कापूस, सोयाबीन आणि पेट्रोल पंप यांपलीकडे काही दिसणार नाही. क्लार्क्सडेलमधल्या जुन्या ६१ ला आता राज्य मार्ग १६१ असा क्रमांक आहे. फोनमधला नकाशा त्यावर आपणहून नेत नाही, गावाच्या मध्याचा पत्ता घालावा लागतो.

माझी आखणी अशी. मेम्फिस ते क्लार्क्सडेल ६१ ने, सुमारे १२० किलोमीटर, वाटेत ट्युनिका. क्लार्क्सडेलला मुक्काम, कारण संगीत रात्री असतं आणि मद्य घेऊन अंधारात गाडी चालवायची नाही. दुसऱ्या दिवशी ६१ सोडून ४९ ने टटवायलर. तिथे रस्ता फुटतो, ४९ पश्चिम घ्या. वाटेत पार्चमन तुरुंग लागेल, तो आजही चालू आहे, तिथे रस्त्याकडेला थांबू नका आणि फोटो काढू नका. रूलव्हिलला उजवीकडे ८ नंबरवर वळलं की डॉकरी, पुढे क्लीव्हलंड, म्हणजे परत ६१. किंवा रूलव्हिलहून सरळ इंडियानोलाला जा, तिथे बी. बी. किंग म्युझियम आहे. मूरहेड तिथून पूर्वेला जवळच, ८२ वर. रॉबर्ट जॉन्सनच्या नावाचे तीन थडग्यांचे दगड ग्रीनवूडच्या आसपास आहेत. त्यांपैकी एकही ६१ वर नाही.

लहान गावांतली संग्रहालयं रविवारी बहुधा बंद असतात, म्हणून शुक्रवार-शनिवार धरून या. ब्लूजशी निगडित जागांवर लावलेले ब्लूज ट्रेलचे निळे फलक दोनशेहून जास्त आहेत, सगळे गाठायचा हट्ट नको.

सर्वांत महत्त्वाचं: पाऊस झाला असेल तर डांबरी सोडून मळ्यांच्या वाटांवर उतरू नका. तिथली चिकणमाती आपल्या विदर्भातल्या काळ्या रानासारखी आहे, ओली झाली की चाकाला थर चढत जातो, मडगार्डमध्ये दाटतो आणि चाक फिरेनासं होतं. भाड्याच्या गाडीच्या करारात कच्च्या रस्त्यावरची मदत बहुधा नसते. सप्टेंबर-ऑक्टोबरात कापसाची अवजड वाहनं हळू चालतात. दोन पदरी ४९ वर ओलांडायची घाई करू नका.

माळरान

आखणी चांगली आहे. पण नीट बघा, तुमच्या दुसऱ्या दिवसातला ६१ किती उरला? टटवायलर, डॉकरी, मूरहेड ही सगळी रेल्वेशी जोडलेली ठिकाणं आहेत.

जुनीवाट

आणि तिथवर पोचायला आज एकही प्रवासी गाडी नाही. ॲमट्रॅकची प्रवासी गाडी ग्रीनवूडला थांबते, पण क्लार्क्सडेलला येत नाही. रूळ हवेत तर ग्रीनवूडला उतरा. तिथे गाडी भाड्याने मिळते का ते आधी फोन करून ठरवा, नाहीतर मेम्फिसहूनच घ्या.

फिशप्लेट

ग्रीनवूडला उतरणार असाल तर मूरहेडचा छेद दिवसाउजेडी बघा. तिथे दोन मार्गांचे रूळ एकमेकांत बसवलेले आहेत. चाकाची कड जायला प्रत्येक रुळात खाच ठेवलेली असते, गाडी त्यावरून जाताना दर आसाला त्या खाचेचा ठोका बसायचा. १९०३ च्या त्या वादकाने कुठली जागा गाण्यासाठी निवडली ते त्यावरून कळतं.

खर्ज

तो ठोका त्याने तिथे ऐकला असेलही. पण टटवायलरच्या फलाटावर तो वाजवत होता सुरीने, आणि सुरीने तार सरकवली की ठोका मिळत नाही, मींड मिळते. ओपन जी लावून तिसऱ्या तारेवर करून बघा, मग बोलू.