एम.एस्सी.च्या मुलांना शोधलेखनातली नीती कशी शिकवावी?

प्रश्न (लातूर, वनस्पतिशास्त्र)
चौथ्या सत्राचे प्रकल्प-अहवाल यायला लागलेत. वाङ्मयचौर्यावर तासभर बोललं तरी परिच्छेद उचललेलेच असतात. ‘मजकुराची जुळणी तपासणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये दहा टक्क्यांच्या आत आलं की झालं’ हे डोक्यात पक्कं. वर्गात नेमकं काय करून घ्यावं?

उत्तर (परभणी)
मॅडम, आधी तो आकडाच डोक्यातून काढा. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंत दंड नाही, एवढंच मुलं ऐकतात. सॉफ्टवेअर शब्दांची जुळणी मोजतं, चोरी नाही. आठ टक्क्यांत दुसऱ्याचा अख्खा निष्कर्ष मावतो.

तासाला हे करा. सोयाबीनवरच्या एखाद्या शोधनिबंधातला दीडशे शब्दांचा परिच्छेद द्या. दोनदा वाचून कागद पालथा घालायचा आणि तीन वाक्यांत आशय लिहायचा. मग मूळ कागदाशी ताडून सलग जुळणारे शब्द लाल शाईने अधोरेखित करायचे. बरेच जण ‘इन्क्रीज’च्या जागी ‘राइज’ घालतात, वाक्याचा सांगाडा तोच ठेवतात आणि त्यालाच स्वतःचं लेखन म्हणतात. यामागे लबाडीपेक्षा इंग्रजीची धास्ती जास्त असते. म्हणून आशय आधी मराठीत लिहू द्या, मग मूळ न बघता इंग्रजीत. संदर्भ तरीही द्यायचाच: शब्द आपले झाले तरी शोध मूळ लेखकाचाच. मराठी पुस्तकातून भाषांतर करून घातलेल्यालाही हेच लागू.

उत्तर (नांदेड)
आकड्यांचंही शिकवा. पाच कुंड्यांपैकी एक वाळली, तर ती गुपचूप गाळून सरासरी काढायची नाही. का वाळली ते त्याच दिवशी वहीत लिहायचं, आणि गाळली असेल तर अहवालात तसं सांगायचं. चुकलेली नोंद एका आडव्या रेघेने खोडायची, शेजारी सही आणि तारीख. व्हाइटनर अजिबात नको. खालचा आकडा वाचता आलाच पाहिजे.

उत्तर (छत्रपती संभाजीनगर)
लेखकांची नावं प्रयोगाआधी ठरवा. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांची आंतरराष्ट्रीय समिती चार अटी सांगते: कामात भरीव वाटा, लेखनात किंवा त्याच्या चिकित्सेत सहभाग, अंतिम मसुद्याला मान्यता, आणि सगळ्या कामाची जबाबदारी. चारही हव्यात. नुसतं उपकरण वापरू देणाऱ्याचं नाव आभारात.

प्रश्नकर्ती
आभारी आहे. दुसऱ्याची आकृती संदर्भासह वापरली तर चालेल का?

उत्तर (परभणी)
नुसत्या संदर्भाने भागेलच असं नाही. छापायची असेल तर आधी निबंधावरचा परवाना बघा. ‘सीसी बाय’ (श्रेय देऊन वापरू देणारा क्रिएटिव्ह कॉमन्स परवाना) असेल तर श्रेय आणि परवान्याचा उल्लेख पुरतो. बदल केला असल्यास तेही लिहायचं. ‘सर्व हक्क राखीव’ असेल तर प्रकाशकाची लेखी परवानगी मागवायची.