रवणीवरची अंडी कुठे वाया जातात

ताई, बारा अंड्यांतून चारच पिल्लं आली म्हणून तुम्ही कोंबडीला दोष देऊ नका. तुम्हीच लिहिलंय की बाकीच्या कोंबड्याही त्याच खुराड्यात अंडी घालतात. गफलत तिथेच झाली असावी. रवणीवर, म्हणजे अंडी उबवायला, बसलेल्या कोंबडीखाली दुसऱ्या येऊन ताजी अंडी घालतात. मग २१ दिवसांनी पहिली पिल्लं बाहेर पडली की ती त्यांना घेऊन उठते आणि मागची अर्धवट अंडी थंड पडतात. फार वाईट वाटतं ते बघताना, आत जीव धरलेला असतो.

आम्ही इथे देवगडला अंडी बसवतानाच प्रत्येकावर कोळशाने रेघ मारतो. बिनरेघेचं दिसलं की त्याच दिवशी काढायचं. कोंबडीला रात्री, अंधारात हलवायचं. दिवसा हलवली तर ती जुन्या जागी पळते. पडवीच्या कोपऱ्यात टोपलीत सुका पेंढा, वर दहा अंडी, तीही आठवड्याच्या आतली. सातव्या रात्री बॅटरीवर धरून बघा: लाल शिरा दिसल्या तर ठेवा, नुसतं स्वच्छ दिसलं तर काढा.

रोज एकदा तिला उठू द्याच. पंधरा-वीस मिनिटांत कणी खाऊन, पाणी पिऊन, राखेत लोळून ती परत येते. राखेने उवाही कमी होतात. उवा झाल्या तर चांगली कोंबडीसुद्धा रवण सोडते.

आणि पावसाळ्यात शक्यतो बसवूच नका. ओल्या पेंढ्याला बुरशी धरते, पिल्लं गारठतात. दिवाळीनंतर बसवा.