मदत हवी आहे : स्पीडोमीटर चुकतोय, आयव्हीए तोंडावर आली

सेव्हनवाला
इंग्लंडात राहतो. लोटस सेव्हन या छोट्या, उघड्या स्पोर्ट्स कारच्या धर्तीची गाडी गॅरेजात बांधली, डिफ (चाकांना ताकद वाटून देणारा डिफरेन्शियल) आणि अॅक्सल फोर्ड सिएराचे. पुढच्या आठवड्यात आयव्हीए, म्हणजे घरी बांधलेली गाडी रस्त्यावर आणण्याआधीची सरकारी चाचणी आहे आणि इलेक्ट्रॉनिक स्पीडोमीटर भलताच वेग दाखवतो. पुस्तिकेप्रमाणे सगळं भरलंय. लवकर सांगा, प्लीज.

नटबोल्ट
भलताच म्हणजे किती? सगळ्या वेगांना त्याच प्रमाणात? सेन्सर कुठे, टायर कोणता, एका फेरीला पल्स (सेन्सरचे विद्युत ठोके) किती भरले?

बर्मिंगहॅमकर काका
सेन्सर काढ आणि जीपीएसवाला लाव. माझ्या गाडीला तोच आहे, कॅलिब्रेशनची, म्हणजे आकडे भरून काटा जुळवायची, कटकटच नाही.

नटबोल्ट
काका, चाचणीत चाकं रोलरवर फिरवून वेग बघतात. गाडी जागच्या जागी उभी, जीपीएस शून्यच दाखवणार.

बर्मिंगहॅमकर काका
मी रोजच्या वापराचं बोलतोय. चाचणीपुरतं दुसरं काही जोडता येतं.

नटबोल्ट
त्याची अडचण चाचणीचीच आहे ना?

सेव्हनवाला
मित्राच्या शेतातल्या खासगी रस्त्यावर पाहिलं. फोनच्या जीपीएसवर ताशी 20 मैल तेव्हा काटा 31 वर, 30 ला 46. टायर 185/60 आर13, हिशेबाने परीघ 1.735 मीटर. चाकाला चार स्टड (चाक बसवायचे बोल्ट) म्हणून पल्स 4. आणि हो, उभ्या गाडीत रेस दिली तरी काटा 15 वर उडतो.

नटबोल्ट
स्टड चार, पण सेन्सर कशासमोर आहे?

सेव्हनवाला
डिफजवळ, ड्राइव्हशाफ्टच्या (चाक फिरवणाऱ्या दांड्याच्या) बोल्टांसमोर.

नटबोल्ट
मग झालं! तिथे सहा बोल्ट असतात. सहाला चार म्हणजे दीडपट. वरचे तीन टक्के टायरचे, कारण वजनाखाली टायर दबतो आणि एका फेरीत हिशेबापेक्षा कमी अंतर जातं. टायरवर खडूची खूण कर, हवा नेहमीएवढी ठेव, तू आत बस आणि कुणाला तरी ढकलायला लाव. दहा फेऱ्यांचं अंतर टेपने मोज.

सातारचा पोरगा
दादा, ही गाडी पुण्यात आणून पासिंग होईल का?

नटबोल्ट
भारतात एआरएआयसारख्या गाड्या तपासणाऱ्या संस्थेची मान्यता लागते. वेगळा धागा काढ रे, इथे घाई आहे.

वायरमन
उभ्या गाडीत काटा उडतो तो इग्निशनचा, म्हणजे प्लगच्या ठिणगीचा त्रास. सेन्सरची वायर प्लगच्या वायरींपासून लांब ने, शील्डवाली (वर धातूचं आवरण असलेली) वापर आणि शील्ड एकाच टोकाला अर्थ कर. आधी हे कर, मगच आकडे भर.

सेव्हनवाला
वायर बदलली, काटा शून्यावर थांबला. दहा फेऱ्या 16.80 मीटर.

नटबोल्ट
म्हणजे मैलाला 958 फेऱ्या, गुणिले सहा, मैलाला 5,748 पल्स. पण तेवढे भरू नकोस. काटा खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवता कामा नये. जास्तीची मर्यादा दहा टक्के अधिक 6.25 मैल, म्हणजे 30 ला 39.25 पर्यंत चालतं. 5,580 भर, काटा तीन टक्के पुढे राहील. टायर बदललास तर पुन्हा मोज.

बर्मिंगहॅमकर काका
चाचणी झाल्यावर जीपीएस लावच.

सेव्हनवाला
5,580 भरले. 30 ला 31. नटबोल्ट, वायरमन, मनापासून आभार. आता हेडलाइटची उंची कशी लावायची ते कुणी सांगेल का?