मोप्ससचं घराणं

ग्रीक कथांमधला भविष्यवेत्ता मोप्सस हा निव्वळ कल्पित, असं एक मत आहे; ते मला पटत नाही. तुर्कस्तानातल्या काराटेपेच्या इ.स.पू. आठव्या शतकातल्या, फिनिशियन आणि लुवियन (तिथली एक प्राचीन भाषा) अशा द्विभाषिक शिलालेखात अझातिवादा नावाचा सत्ताधीश 'मोप्ससच्या घराण्या'चा उल्लेख करतो. अदानाजवळच्या चिनेकोयच्या लेखात राजा वारिका तर स्वतःला मोप्ससचा वंशजच म्हणवतो. ग्रीक कथेतही मोप्सस याच भागात, म्हणजे प्राचीन किलिकियात येतो. नावाचं रूप फार बोलकं आहे : फिनिशियनमध्ये 'म-प-श', पण लुवियनमध्ये 'मुक्सा'. मायसीनी ग्रीक, म्हणजे ग्रीकचं सर्वांत जुनं लिखित रूप असलेल्या मातीच्या पाट्यांवर 'मो-क्वो-सो' आहे. त्या 'क्व'चा ग्रीकमध्ये पुढे 'प' झाला. म्हणजे लुवियन रूप हा बदल होण्याआधी उचललेलं असणार. अर्थात घराणं खरं म्हणून मूळपुरुषही खरा, असं मी म्हणणार नाही. राजे पूर्वज जोडून घेतातच.