सायकलचे बेअरिंग घरीच बदलायचे आहेत, स्वस्तातली अवजारं सुचवा

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे. मी आर्वी तालुक्यातला, जिल्हा वर्धा. पोरगी रोज ७ किलोमीटर सायकलनं शाळेत जाते. पावसाळाभर काळ्या मातीच्या चिखलातून गाडी गेली. आता पायडल मारलं की कटकट वाजते, क्रँक (पायडलचा दांडा) हातात धरून हलवला तर आडवा डुलतो. हँडलही मधोमध आलं की अडकतं. हँडलचा खालचा कप (बेअरिंगची वाटी) उघडून पाहिला तर छर्रे गंजून लाल झालेले, ग्रीसच्या जागी नुसता गाळ.

मागं एका दुकानात हँडलचा कप हातोडीनं ठोकून बसवला, तो तिरपाच गेला. म्हणून या वेळी स्वतः करायचं ठरवलं आहे.

क्रँक चौकोनी एक्सलचा आहे, तेव्हा पुलर (क्रँक ओढून काढायचं अवजार) घ्यावाच लागेल. बीबी (बॉटम ब्रॅकेट, म्हणजे क्रँकच्या मधल्या एक्सलचं बेअरिंग) बंद कार्ट्रिजची आहे, तिच्यासाठी २० दात्यांचा सॉकेट लागतो. उजव्या बाजूचे आटे उलटे असतात हे माहीत आहे. पण हँडलचे कप दाबून बसवायला प्रेस महाग पडतो. त्याऐवजी १२ एमएमचा आटेवाला रॉड, दोन नट आणि जाड वायसर वापरून कुणी कप सरळ बसवले आहेत का? जुना कप काढायला जीआय पाइपाला चिरा पाडून चालेल का?

पुलर आणि सॉकेट वर्धा-अमरावतीकडे कुठं मिळतील, तेही सांगा. साधं लोखंड पहिल्याच वापरात घसरतं, ते नको. तोवर पोरगी पायीच जाते आहे.